प्रवाळाला ऊन लागते तेव्हा

मे महिन्याच्या दुपारी समुद्रात पाय बुडवला की किती बरे वाटते! पाण्यात राहणाऱ्या प्राण्यांना उन्हाचा त्रास नसेल, असे आपण सहज समजतो. पण मालवणच्या समुद्रातील प्रवाळांचे तसे नाही. पाण्याखाली असूनही त्यांना ऊन लागते. कसे, ते पाहू या.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात उथळ खडकांवर प्रवाळ वाढतात. हा भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. प्रवाळ दगडासारखा दिसला, तरी ती असंख्य लहान प्राण्यांची वसाहत असते. या प्राण्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्याचा मोठा वाटा प्रवाळाला देतात. म्हणून प्रवाळाला ऊन हवेच. परंतु शोषलेल्या प्रकाशाचा थोडाच भाग अन्नात साठतो. उरलेल्या बहुतेक भागाची उष्णता होते. गडद रंगाचा प्रवाळ फिकट प्रवाळापेक्षा अधिक तापतो.

ही उष्णता जाते कोठे? प्रवाळाला लागून पाण्याचा एक अतिशय पातळ थर जवळजवळ स्थिर असतो. उष्णतेला तो ओलांडून बाहेर पडावे लागते, आणि पाणी हे उष्णतेचे मंद वाहक आहे. प्रवाह जोराचा असेल तर हा थर आणखी पातळ होतो व उष्णता लवकर निघून जाते. गरम चहावर आपण फुंकर घालतो, तसेच हे. प्रवाह मंदावला की थर जाड होतो. मग भर उन्हात प्रवाळाचा पृष्ठभाग भोवतालच्या पाण्यापेक्षा सुमारे १ अंश सेल्सिअसपर्यंत अधिक तापू शकतो.

आता ओहोटीचा विचार करा. समजा, प्रवाळावर अर्धा मीटर पाणी उरले आहे आणि प्रत्येक चौरस मीटरवर दर सेकंदाला ५०० ज्यूल उष्णता शोषली जात आहे. तासाला १८ लाख ज्यूल झाले. तेथील पाणी सुमारे ५०० किलोग्रॅम. ते १ अंशाने तापवायला २१ लाख ज्यूल लागतात. म्हणजे हे पाणी साचून राहिले, तर तासाभरात ते जवळजवळ ०.९ अंशाने तापेल. पाणी २ मीटर खोल असते तर वाढ याच्या चौथाईच झाली असती.

ओहोटी दुपारी केव्हा येते? कोकणात एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे उधाणाची भरती दुपारच्या सुमारास, आणि मोठी ओहोटी पहाटे व सायंकाळी. ऐन उन्हात प्रवाळावर भरपूर पाणी असते. अष्टमीला मात्र ८ ची पाऊणपट ६. भरती सहाला, तर ओहोटी बाराला! ही भांगाची ओहोटी लहान असते हे खरे, पण भांगाचे प्रवाहही मंद असतात. त्यात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य मालवणच्या बरोबर डोक्यावर येतो. लाटा नसतील, तर ऊन, उथळ पाणी आणि मंद प्रवाह हे तिन्ही एकत्र येतात.

एका अंशाने काय बिघडते, असे विचाराल. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी १ अंशाने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्यातील शैवाले बाहेर टाकतो व पांढरा पडतो. ती परत आली नाहीत, तर उपासमारीने मरतो. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात जगभर असे घडले; २०२४ मध्ये चौथ्या अशा संकटाची घोषणा झाली. समुद्रच तापत चालला असताना वरचा एक अंश फार महाग पडतो.

करून पहा: दोन सारख्या बाटल्या काळ्या रंगवा, पाण्याने भरा आणि तोंड वर राहील अशा दोन घमेल्यांतील पाण्यात उन्हात ठेवा. एका घमेल्यातील पाणी सतत ढवळत राहा. पंधरा मिनिटांनी दोन्ही बाटल्यांतील व दोन्ही घमेल्यांतील तापमान मोजा.

खोलीतल्या तापमापकावरून रोग्याचा ताप कळत नाही. समुद्राचे तापमान वाचतानाही हे लक्षात ठेवा.