उदार सौद्याचा कस

कारागीर किंवा व्यापारी आपल्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक देऊ करतो, तेव्हा दोन प्रकारच्या चुका होण्याचा संभव असतो. काही लोक लाभाच्या आशेने विचारच सोडून देतात, तर काहींना प्रत्येक सवलतीत लबाडी दिसू लागते व ते प्रामाणिक माणसाचाही अपमान करून बसतात. या दोन्ही चुका टाळावयाच्या असतील, तर त्या माणसाच्या चेहऱ्याची परीक्षा करण्याऐवजी त्याच्या व्यवहाराची परीक्षा करावयास हवी. सोनाराचा धंदा या दृष्टीने अतिशय उद्बोधक आहे. कारण भारतीय कुटुंबाची, विशेषतः स्त्रीची, आयुष्यभराची शिल्लक बहुधा सोन्यातच साठवलेली असते.

‘घडणावळ माफ’ अशी पाटी आपण सणासुदीला पाहतो. ती खरी की खोटी, हे ठरविण्यापूर्वी दागिन्याच्या किमतीचे घटक वेगळे करून पाहू. पहिला घटक सोन्याचा भाव. तो रोज जाहीर होतो. त्यामुळे त्यात फेरफार करण्यास फारसा वाव नसतो. दुसरा घटक घडणावळ व घट, म्हणजे कारागिराची मजुरी आणि काम करताना वाया जाणारे सोने. सराफाची कमाई मुख्यतः या दुसऱ्या घटकात असते. तोच त्याने सोडून दिला, तर दुकानाचे भाडे आणि कारागिराचे पोट कशावर चालते, असा प्रश्न विचारणे हे असभ्यपणाचे नव्हे. उत्तर सरळ असू शकते : यंत्रावर घडविलेला माल, जुन्या नक्षीची शिल्लक, किंवा सणातील वाढलेली विक्री. असे उत्तर मिळाले आणि ते पटण्याजोगे असले, तर सवलत खरी मानण्यास हरकत नाही.

उत्तर मिळत नसेल, तर सोडलेली रक्कम कोठून वसूल होते ते शोधावे. तशा जागा तीनच आहेत : भाव, वजन आणि कस. यांपैकी कसाचा हिशेब करून पाहू. २० ग्रॅमचा २२ कॅरटचा दागिना असेल, तर त्यात सुमारे १८.३ ग्रॅम शुद्ध सोने असते. त्याच वजनाचा २० कॅरटचा दागिना २२ कॅरटचा म्हणून विकला, तर शुद्ध सोने सुमारे १६.७ ग्रॅमच भरते. ही तूट मूळ सोन्याच्या नऊ टक्के होते. म्हणजे आठ टक्के घडणावळ ‘माफ’ करूनही विकणारा नफ्यातच राहतो, आणि घेणारा मात्र उपकृत होऊन घरी जातो. वजनाच्या बाबतीतही तसेच. खड्यांचे किंवा आत भरलेल्या लाखेचे वजन सोन्याच्या भावाने लावले गेले, तर बाकी सर्व सवलती फोल ठरतात.

ही युक्ती आजची नव्हे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त सोनारांच्या कामावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. सोने चोरण्याचे पाच उपाय तेथे सांगितले आहेत. तराजूतील कपट, चांगल्या सोन्याच्या जागी हिणकस घालणे आणि पत्र्याखाली दुसरा धातू झाकणे हे त्यांपैकी होत. जुन्या दागिन्यांच्या दुरुस्तीत ठोकून, छेदून, खरवडून आणि घासून सोने कसे काढले जाते, हेही तो ग्रंथ सांगतो. इतकेच नव्हे, तर काम चालू असताना कारागीर माश्या वारू लागला किंवा स्वतःच्या अंगाकडे पाहू लागला, तर सावध व्हावे असे त्यात सुचविले आहे. लक्ष दुसरीकडे वेधणे हा फसवणुकीचा आत्मा आहे, हे त्या ग्रंथकाराने नेमके ओळखले होते.

दारोदार फिरून दागिने फुकट उजळून देणारा माणूस हे त्याचेच आजचे रूप आहे. तो प्रथम पितळेची समई चकचकीत करून देतो, मग चांदीचे पैंजण, आणि विश्वास बसला की सोन्याच्या बांगड्या मागतो. त्याच्या द्रवात अम्लराज, म्हणजे नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांचे मिश्रण, असते. त्यात सोने विरघळते आणि ते पुढे त्या द्रवातून परत मिळविता येते. बांगड्या उजळतात खऱ्या, पण हलक्या होऊन परत येतात. कधी त्या हळदीच्या पाण्यात बुडवून ‘थोड्या वेळाने उघडा’ असे सांगितले जाते. हा थोडा वेळ त्याला पसार होण्यासाठी हवा असतो. रिठ्याच्या पाण्याने जे काम घरी होते, त्यासाठी परका माणूस फुकट राबतो, एवढ्यावरूनच शंका यावयास हवी.

सुदैवाने आज ग्राहकाच्या हाती साधने आहेत. १६ जून २०२१ पासून देशात टप्प्याटप्प्याने सुवर्णमुद्रांकन सक्तीचे झाले. १ एप्रिल २०२३ पासून मुद्रांकित दागिन्यावर तीन खुणा असाव्या लागतात : भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, कसाचा आकडा (२२ कॅरटसाठी ९१६) आणि अक्षरे व अंक मिळून सहा चिन्हांचा ओळखक्रमांक. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अॅपवर पडताळून पाहता येतो. मुद्रांकित दागिन्याचा कस कमी भरल्यास तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई व तपासणीचा खर्च मिळण्याची तरतूद आहे. मात्र दोन ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तू आणि कुंदन, पोलकी, जडाव यांना या सक्तीतून सूट दिलेली असल्याने तेथे अधिक दक्षता हवी.

‘पावती नको, म्हणजे कर वाचेल’ ही सूचना सर्वांत उदार वाटते आणि तीच सर्वांत महाग पडते. कारण पावतीबरोबर भरपाईचा आधारही जातो. पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, कस आणि घडणावळ स्वतंत्रपणे लिहून मागावी. दुरुस्तीस दिलेला दागिना देताना व घेताना आपल्यासमोर तोलून घ्यावा.

प्रामाणिक सोनाराला या मागण्यांचा राग येत नाही. तो स्वतः आयुष्यभर दगडावर सोन्याचा कस पाहत आलेला असतो. ज्याला आपला माल कसोटीवर लावलेला चालत नाही, आणि जो ‘आजच, आत्ताच’ म्हणून घाई करतो, त्याचे औदार्य सविनय नाकारावे. त्यात आपले नुकसान काहीच नाही. सौदा खरा असेल, तर तो उद्याही खराच राहील.