आगमनकाल

डिसेंबर उजाडला की गिरगाव, दादर, परळ या भागांतील ख्रिस्ती घरांपुढे कागदी तारे झळकू लागतात आणि नाताळ आलाच असे आपण समजतो. परंतु त्याच दिवसांत दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये कोणी उपासनेस गेला, तर धर्मगुरूंच्या अंगावर सणाचा शुभ्र झगा न दिसता जांभळा दिसेल. जांभळा हा पश्चात्तापाचा व तयारीचा रंग होय. घर सण मांडून बसले आहे आणि देवालय अद्यापि वाट पाहत आहे! हा विरोध ज्याच्या ध्यानी आला, त्यास या काळाचे निम्मे मर्म कळले.

नाताळापूर्वीचे चार रविवार म्हणजे आगमनकाल. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. म्हणून हा काळ कधी २८ दिवसांचा, तर नाताळ सोमवारी आल्यास अवघ्या २२ दिवसांचा असतो. (विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा.)

वाट कशी पाहावी हे मराठी वाचकास फार पूर्वीच सांगितले गेले आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले. त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. त्याची दोन पुराणे आहेत. ख्रिस्ताचे चरित्र दुसऱ्यात येते. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंतची कथा, म्हणजे येणाऱ्या तारणाऱ्याची केवळ प्रतीक्षा. गव्हाणीपाशी पोहोचण्यापूर्वी कवी आपणांस सहस्रावधी ओव्या चालावयास लावतो. आमच्या मते आगमनकालावर याहून मोठे मराठी पुस्तक नाही.

मेणबत्त्यांचे चक्र मात्र अलीकडचे. हांबुर्ग येथे योहान विचेर्न यांनी १८३९ साली निराधार मुलांच्या आश्रमात गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावून नाताळास उरलेले दिवस मुलांना मोजून दाखविले. आता चार रविवारांच्या चारच लावितात. तिसरी पुष्कळदा गुलाबी असते, कारण त्या रविवारी आनंदाचा सूर लागतो.

एक गोष्ट मुलांना नवल वाटण्याजोगी आहे. पहिल्या रविवारी कॅथोलिक चर्चमध्ये वाचले जाणारे शुभवर्तमान बाळ येशूचे नसतेच. प्रभू पुन्हा येईल, ती घटका कोणास ठाऊक नाही, तरी जागे राहा, असे तेथे सांगितलेले असते.