झोनलचा आठवडा आणि जर्नलचं सबमिशन

‘सकाळी मैदान, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा मैदान, मग अभ्यास करणार कधी?’ खेळणाऱ्या मुलांच्या पालकांचा हा ठरलेला प्रश्न. खरं तर ठरवलं तर एरवीच्या दिवसात दीड-दोन तास निघतात. घोळ होतो तो वर्षातल्या मोजक्या आठवड्यांत. पावसाळा सरता सरता आंतरमहाविद्यालयीन सामने सुरू होतात, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, मग शिबिर आणि मग पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा, म्हणजेच झोनल. नेमक्या त्याच सुमारास इंटर्नल, जर्नलचं सबमिशन आणि हिवाळी सत्राची परीक्षा येऊन धडकते.

म्हणून कॉलेज सुरू होताच परीक्षेचं आणि स्पर्धांचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवा. स्पर्धांच्या तारखा उशिरा कळतात, पण गेल्या वर्षीच्या पाहिल्या तरी अंदाज येतो. पहिल्या सत्रातला अवघड भाग सुरुवातीच्या सहा-सात आठवड्यांतच संपवा. ‘झोनलहून आलो की करतो’ म्हणणाऱ्याचा अभ्यास सहसा होत नाही. रेल्वेच्या जनरल डब्यातून परतलेल्या खेळाडूला आधी झोप हवी असते.

दुसरी गोष्ट कागदांची. बहुतेक ठिकाणी ७५ टक्के हजेरी लागते. स्पर्धेच्या दिवसांची सवलत मिळू शकते, पण त्यासाठी जाण्याआधी अर्ज आणि आल्यावर सहभागाचं पत्र द्यावं लागतं. जिमखान्याच्या सरांनी विभागप्रमुखांना सांगितलंच असेल, या भरवशावर राहू नका. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला खाशाबा जाधवांना जाता यावं म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. आज कुणा प्राचार्यांकडून एवढी अपेक्षा नाही. रजेच्या अर्जावर वेळेत सही झाली तरी पुष्कळ.

प्रवेश घेतानाच प्रॅक्टिकल किती, बुडालेलं प्रॅक्टिकल पुन्हा करू देतात का, मैदान किती लांब, हे विचारून घ्या. खेळाडूने कला शाखाच घ्यावी हा सल्ला मला पटत नाही. मात्र दिवसभर प्रयोगशाळेत थांबावं लागणारा अभ्यासक्रम आणि दोन वेळचा सराव एकत्र जमवणं फार थोड्यांना साधतं, हे आधीच मान्य केलेलं बरं.

‘खेळून पोट भरेल का?’ केवळ खेळून बहुतेकांचं भरत नाही. म्हणून तर पदवी सोडायची नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण तिथेही पदाला लागणारं शिक्षण हवंच. शिवाय प्रत्येक प्रमाणपत्र चालत नाही. स्पर्धा मान्यताप्राप्त हवी, पातळी आणि क्रमांक नियमात बसायला हवा आणि क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी झालेली हवी. गल्लीतल्या ‘राष्ट्रीय’ स्पर्धेला पैसे भरण्याआधी आयोजक संघटनेची मान्यता तपासा. ऑलिम्पिक कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. रेल्वे, पोलीस आणि सैन्यदलं खेळाडूंना पूर्वीपासून घेत आली आहेत.

पालकांना एक विनंती. मार्क घसरले की पहिली कुऱ्हाड सरावावर घालू नका. सराव बंद केल्यावर मोकळा झालेला वेळ पुस्तकाकडे जातोच असं नाही, बहुतेकदा तो मोबाइलकडे जातो. त्याऐवजी कोणता विषय राहिला आणि तो कोणत्या आठवड्यात राहिला, ते मुलासोबत शोधा. खेळ महिनाभर कमी करायचाच असेल, तर प्रशिक्षकांना सोबत बसवून ठरवा.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मात्र स्पष्ट बोलणं व्हायला हवं. दोन हंगाम मन लावून खेळूनही विद्यापीठाच्या संघात जागा मिळाली नसेल, तर शेवटच्या वर्षी सराव एका वेळेवर आणायला हरकत नाही. खेळ सोडवत नसेल, तर बी.पी.एड. आहे, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षकपदाचा डिप्लोमा आहे. त्यांच्या प्रवेशाच्या अटी तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधीच पाहून ठेवा.