घाट चढताना घाम, उतरताना हुडहुडी



बुलढाणा गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर वसलेले आहे. तेथून मलकापूरकडे निघालो की रस्ता राजूर घाटाने मोताळ्याच्या बाजूला खाली उतरतो. जानेवारीतल्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर आलेला असतो, आणि तरीही या घाटात सायकल दामटणारी आणि धावणारी मुले दिसतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करीत असतो, कुणी नुसताच हौशी. पण त्यांच्या अंगात काय असते ते पाहा! आत सुती बनियन, त्यावर आईने विणलेला जाड स्वेटर, आणि त्यावर वारा लागू नये म्हणून रेक्झिनचे जाकीट. माथ्यावर पोहोचेपर्यंत हा गडी घामाने निथळतो आणि उतरताना त्याचे दात वाजू लागतात.

तुमच्या वयात मीही हाच उद्योग केला आहे. जाकीट नव्हते म्हणून मी पावसाळ्यातला रेनकोट चढवला होता. घाट उतरून आलो तेव्हा बोटे इतकी आखडली होती की ब्रेक नीट दाबता येईना. एवढे कपडे अंगावर असून थंडी का वाजली, हे कोडे मला भौतिकशास्त्र शिकू लागल्यावर उलगडले.

आता थोडे गणित करू. तुमचे वजन ६० किलोग्रॅम, सायकलचे १५, आणि चढ २०० मीटर उंचीचा आहे असे समजा. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करावे लागणारे कार्य ७५ × ९.८ × २००, म्हणजे सुमारे दीड लाख ज्यूल. आपले स्नायू हे काही फार काटकसरी यंत्र नाही. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी फार तर चौथ्या हिश्शाचे ते कार्य करतात आणि उरलेल्या तीन हिश्शांची उष्णता होते. म्हणजे चढताना साडेचार लाख ज्यूल वाढीव उष्णता अंगात तयार झाली. ही सगळी घामावाटे बाहेर टाकायची तर किती घाम वाळायला हवा? एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता खर्च होते. भागाकार करा. उत्तर १८५ ग्रॅमच्या आसपास येते. टपरीवरच्या चहाच्या कपाने मोजले तर दोन कप!

लक्षात घ्या, घाम नुसता सुटून उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. रेक्झिनमधून वाफ बाहेर जात नाही. ती आतल्या थंड बाजूवर पुन्हा पाणी होऊन बसते आणि स्वेटर भिजतो. समजा, निम्मा घाम असा कपड्यांत अडकला आणि माथ्यावर आल्यावर तुम्ही उकडते म्हणून जाकीट उघडले. आता उतार. पॅडल मारणे थांबले, त्यामुळे शरीराची उष्णता पुन्हा विश्रांतीच्या वेळेइतकी, जवळजवळ १०० वॅटवर आली. वारा मात्र ताशी ४० किलोमीटर वेगाने अंगावर येतो आहे. त्या दहा मिनिटांत नुसता ३० ग्रॅम घाम वाळला तरी तो ७२,००० ज्यूल, म्हणजे सेकंदाला १२० ज्यूल उष्णता ओढून घेतो. त्यातली काही हवा पुरवील, पण बरीचशी तुमच्या अंगातूनच जाते. शरीर जेवढी उष्णता तयार करते, जवळजवळ तेवढी कपडे वाळवण्यातच संपली. चढाची उधारी उतारावर वसूल होते ती अशी.

वाऱ्यालाच सगळा दोष देण्याची आपली सवय आहे. अमेरिका व कॅनडात २००१ पासून वापरात असलेल्या सूत्राप्रमाणे १० अंशांच्या हवेत ताशी ४० किलोमीटरचा वारा कोरड्या चेहऱ्याला सुमारे ६ अंशांसारखा लागतो. फरक चार अंशांचा. खरा घात ओल करते.

स्वेटर ऊब देतो तो लोकरीमुळे कमी, लोकरीच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे जास्त. स्थिर हवा उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. पाणी तिच्या सुमारे २४ पट चांगले वाहक. हवेच्या जागी घाम भरला की स्वेटरचा उष्णतारोधकपणा गेलाच. आता एक अप्रिय गोष्ट. आपला जिल्हा कापसाचा, त्यामुळे लिहिताना जिवावर येते, पण सुती बनियन येथे वाईट. कापूस पाणी धरून ठेवतो आणि ओला झाला की कातडीला चिकटतो. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून तो लवकर वाळतो. लोकर ओलावा पुष्कळ पिते, पण तिचे कुरळे तंतू ओलेपणीही फुगीर राहतात. तेव्हा कातडीलगत पातळ पॉलिएस्टर किंवा मऊ लोकर, आणि त्यावर हलका विणलेला स्वेटर किंवा फ्लीस, एवढे पुरे.

मग वारा अडवायचा कसा? वारा अडवायचा पण वाफ जाऊ द्यायची, म्हणजे दार बंद करायचे पण माणसे आत-बाहेर करू द्यायची असे झाले! पण निसर्गनियम येथे आपल्या बाजूने आहेत.

कापडातील छिद्रांतून वारा जातो तो दाबामुळे वाहत, तर वाफ जाते ती विसरणाने, रेणूरेणूने. अरुंद नळीतून होणारा प्रवाह तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो, हे प्वाझय या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकात प्रयोगांनी दाखवले. विसरण मात्र केवळ क्षेत्रफळाच्या, म्हणजे व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात होते. आता एका छिद्राऐवजी एकदशांश व्यासाची १०० छिद्रे पाडा. एकूण क्षेत्रफळ तेवढेच राहिले, म्हणून वाफ पूर्वीइतकीच जाणार. पण वारा? १०० भागिले १०,०००, म्हणजे शंभरावा हिस्सा! कापडातली छिद्रे काही गुळगुळीत नळ्या नव्हेत, त्यामुळे आकडा असाच येईल असे नाही, पण दिशा हीच. छिद्रे बुजवू नका, बारीक करा.

हे तत्त्व प्रत्यक्षात आले ते, गंमत म्हणजे, कापसातच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने लांब धाग्याच्या कापसाचे ‘व्हेंटाइल’ नावाचे अतिशय घट्ट विणीचे कापड तयार केले. बर्फाळ समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी त्याचे पोशाख होत. पाणी लागताच धागे फुगतात आणि छिद्रे आणखी मिटतात. आतून हरलेला कापूस बाहेरून असा जिंकला.

दुकानात लेबलावर विसंबू नका. जाकिटाचे कापड तोंडाशी धरून जोराने फुंका व पलीकडे हात धरा. हाताला फुंकर लागली तर वारा जाणार. वाफेची परीक्षा घरी जुन्या कपड्यांवर करा. स्टीलच्या तीन पेल्यांत सारखेच गरम पाणी मोठ्यांच्या मदतीने ओता. एकाच्या तोंडावर रेनकोटचा तुकडा, दुसऱ्यावर स्वेटर, तिसऱ्यावर घट्ट विणीचे कापड रबराने ताणून बसवा आणि वर थंड आरसा धरा. कोणत्या पेल्यावरचा आरसा धुरकटतो? फुंकर अडवणारे आणि तरी आरसा धुरकटवणारे कापड ते आपले.

असे पातळ, पुढे चेन असलेले विंडचीटर चढताना कमरेला बांधा. चढाच्या सुरुवातीला थोडी थंडी वाजली तर वाजू द्या. पाचव्या मिनिटाला ती जाते. माथ्यावर मात्र गप्पा मारण्याआधी, अंग गरम असतानाच ते घाला.

आणि ते घ्यायला पैसे नसतील तर? युरोपातले शर्यतींचे सायकलपटू घाटमाथ्यावर जो उपाय करीत आले तो करा. कालच्या वर्तमानपत्राचे दोन कागद शर्टाच्या आत छातीवर सरकवा आणि उतरा. पायथ्याशी ते बाहेर काढून छातीकडच्या बाजूवरून बोट फिरवा. तेथे जो दमटपणा लागेल, तो चढावरचा राहिलेला घाम.