उष्णता उपसणारा पंप : फ्रिज, एसी आणि आपलं नाशिकचं घर



दहावीच्या विज्ञानात ‘उष्णता’ हे प्रकरण शिकवताना अप्रकट उष्मा, विशिष्ट उष्माधारकता हे शब्द फळ्यावर येतात. मुलं व्याख्या पाठ करतात, गणितंही सोडवतात. पण ‘एसी थंडी कुठून आणतो?’ असं विचारलं, की वर्ग शांत होतो. कुणी म्हणतं, आत बर्फ असतो. कुणी म्हणतं, गॅस थंड असतो. आजच्या पाठात याच प्रश्नाचं उत्तर शोधूया. ते नीट कळलं तर फ्रिज, एसी, शीतगृह आणि आता बाजारात येऊ लागलेला हीट पंप ही सगळी एकाच घराण्यातली यंत्रं आहेत, हे लक्षात येईल. शिवाय हिवाळ्यात अंघोळीचं पाणी कसं तापवायचं, हा घरातला रोजचा प्रश्नही थोडा सुटेल.

१. थंडी ही वस्तू नाही

सगळ्यात आधी एक समज दूर करायला हवा. थंडी आणता येत नाही, फक्त उष्णता काढून नेता येते. माठातलं पाणी गार होतं ते बाहेरून गारवा आत शिरतो म्हणून नव्हे. माठातून पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. कूलरचंही तेच. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषून घेतं. म्हणूनच मार्च ते मे या कोरड्या दिवसांत नाशिकमध्ये कूलर छान चालतो. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली, की पाणी उडतच नाही आणि कूलर नुसताच घरघरतो.

उष्णता आपणहून नेहमी गरमाकडून गाराकडे जाते. पाणी जसं उताराकडे वाहतं, तसंच. उलट दिशेने न्यायची असेल तर काम करावं लागतं.

२. विहिरीवरची मोटार आठवा

आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना हे सांगायला सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे विहिरीवरची मोटार. मोटार पाणी तयार करते का? नाही. पाणी विहिरीत आहेच. मोटार ते फक्त खालून वर आणते. हीट पंपही उष्णता तयार करत नाही. बाहेरच्या हवेत, जमिनीत किंवा पाण्यात असलेली उष्णता तो उचलून घरात आणतो, नाहीतर घरातली उचलून बाहेर टाकतो.

इथे मुलं शंका काढतील, ‘पहाटे बाहेर दहा अंश असताना हवेत उष्णता कुठली?’ शंका रास्त आहे. पण दहा अंश सेल्सिअस म्हणजे उणे २७३ अंशांच्या निरपेक्ष शून्यापासून २८३ अंश वर. आपल्याला कुडकुडायला होतं, म्हणून हवेतली उष्णता संपलेली नसते. विहिरीत पाणी खोल गेलं म्हणजे विहीर कोरडी झाली असं नाही.

आणखी एक गोष्ट याच उदाहरणातून कळते. विहीर जितकी खोल, तितकी मोटारीला वीज जास्त. इथे खोली म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातला फरक. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना एसी २४ वर ठेवला तर फरक १८ अंशांचा. तोच एसी १८ वर ठेवला तर फरक २४ अंशांचा, म्हणजे विहीर एक तृतीयांश जास्त खोल. शिवाय फरक वाढला की भिंती-खिडक्यांतून आत झिरपणारी उष्णताही वाढते, म्हणजे उपसाही जास्त. फटका दोन्हीकडून बसतो. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेल्या खोलीच्या एसींना सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवणं बंधनकारक केलं, त्यामागे हेच विज्ञान आहे.

३. यंत्राच्या आत काय चालतं?

लग्नाच्या मांडवात आचाऱ्याच्या मोठ्या शेगडीला जोडलेला सिलिंडर कधी पाहिलाय? शेगडी जोरात चालू असली की सिलिंडरच्या बाहेरून पाणी जमतं, कधीकधी चक्क बर्फाचा थर येतो. का? आतला द्रव भराभर वायू होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता सिलिंडरकडून, आसपासच्या हवेकडून घेतो. हाच तो अप्रकट उष्मा.

हीट पंपात असाच सहज उकळणारा पदार्थ बंद नळ्यांत फिरत असतो. पुस्तकात त्याला प्रशीतक म्हणतात, मेकॅनिक त्याला नुसतं ‘गॅस’ म्हणतो. सिलिंडरमधल्या गॅसचा एक घटक असलेला प्रोपेन काही एसींत हेच काम करतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे ४२ अंशांना उकळतो. फिरण्याचे टप्पे चार.

पहिला टप्पा, उकळणं. कमी दाबाखालचा द्रव एका वेटोळ्यात उकळतो आणि भोवतालची उष्णता शोषून वायू होतो. एसीच्या आतल्या युनिटमध्ये हेच घडतं, म्हणून तिथली हवा गार लागते.

दुसरा टप्पा, दाबणं. कंप्रेसर त्या वायूला दाबतो. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं, तसा हा वायूही तापतो. वीज प्रामुख्याने इथेच खर्च होते.

तिसरा टप्पा, पुन्हा द्रव होणं. बाहेरच्या हवेपेक्षा गरम झालेला वायू दुसऱ्या वेटोळ्यात जातो, उष्णता बाहेर सोडतो आणि द्रव होतो. गल्लीत एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर उभं राहिलं की तोंडावर झळ येते, ती ही.

चौथा टप्पा, दाब उतरणं. बारीक नळीतून किंवा झडपेतून गेल्यावर द्रवाचा दाब एकदम कमी होतो, तो गार होतो आणि पुन्हा पहिल्या टप्प्याला तयार.

पालकांसाठी इथे एक कामाची गोष्ट. हा गॅस जळत नाही, संपत नाही, तोच तो फिरत राहतो. त्यामुळे ‘दरवर्षी गॅस भरून घ्यावा लागतो’ हे खरं नाही. गॅस कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. आधी गळती शोधून बंद करायला सांगा, मग गॅस भरा.

४. तेच यंत्र उलटं चालवलं तर?

एसी खोलीतली उष्णता बाहेर टाकतो. नळ्यांमध्ये दिशा बदलणारी एक झडप बसवली, की उकळणं बाहेरच्या युनिटमध्ये होतं आणि द्रव होणं आतल्या युनिटमध्ये. म्हणजे बाहेरची उष्णता आत येते आणि खोली उबदार होते. दुकानात ज्याला ‘हॉट अँड कोल्ड’ एसी म्हणतात त्यांतले बहुतेक असे असतात. घेण्याआधी मात्र विचारून घ्या, कारण काहींत नुसती तापणारी तार बसवलेली असू शकते. तो हीट पंप नव्हे, तो हीटरच.

ही कल्पना नवी नाही. उष्णता आणि काम यांच्या नात्याचा पाया फ्रान्सच्या सादी कार्नो यांनी १८२४ साली घातला. यंत्राच्या मदतीने इमारत उबदार करता येईल, असा विचार विल्यम थॉमसन यांनी १८५२ मध्ये मांडला. हेच पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी १८५० च्या दशकात मिठाच्या कारखान्यात सरपण वाचवण्यासाठी असं यंत्र बनवलं. झुरिचच्या टाउन हॉलला १९३८ पासून लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता उपसून ऊब दिली गेली. गार नदीतून ऊब, हे मुलांना नक्की सांगा. डोळे मोठे होतात.

५. एकाचे तीन कसे होतात?

समजा घरात रोज १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचं आहे.

लागणारी उष्णता = १०० किलो × १ × २५ = २५०० किलोकॅलरी.
१ युनिट वीज = ८६० किलोकॅलरी.
म्हणजे २५०० ÷ ८६० = साधारण २.९ युनिट.

विजेच्या गिझरला किमान इतके युनिट लागणारच, कारण तो विजेची उष्णता करतो, एकास एक. हीट पंप १ युनिट वीज खर्चून हवेतली सुमारे २ युनिट उष्णता उचलतो आणि पाण्याला ३ युनिट देतो. त्याला हेच काम साधारण एका युनिटात जमतं. हिवाळ्याच्या ९० दिवसांत गिझरचे २६० युनिट, हीट पंपाचे ९० च्या आसपास.

‘मग ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाचं काय?’ हुशार मुलं हे विचारणारच. नियम मोडलेला नाही. दोन युनिट हवेतून आले, तितकी आजूबाजूची हवा गार झाली. हिशेब चोख आहे.

याला एक स्थानिक बाजूही आहे. आपल्या शेजारी एकलहऱ्याला कोळशावर चालणारं औष्णिक वीज केंद्र आहे. अशा केंद्रात कोळशाच्या साधारण तीन भाग उष्णतेतून एक भाग वीज मिळते. ती वीज गिझरमध्ये घातली की पुन्हा एकच भाग उष्णता. तीनातले दोन भाग गेले. हीट पंप ते दोन भाग हवेतून परत मिळवतो. म्हणून हा फक्त वीजबिलाचा विषय नाही, कोळशाचाही आहे.

६. नाशिकच्या घरात याचा उपयोग किती?

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो आणि हिवाळ्यात पहाटे दहाच्या खाली येतो. निफाडला तर काही वर्षी पाच अंशांच्याही खाली. तेव्हा द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे विहिरीचं पाणी सोडतात. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं, हे आपण सगळेच अनुभवतो. खरं तर जमिनीखालचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही, बदलते ती वरची हवा. थंड देशांत जमिनीत नळ्या पुरून चालवलेले हीट पंप याच गुणाचा फायदा घेतात. बागायतदार तोच फायदा यंत्राशिवाय घेतो.

उष्णता उपसण्याचं काम जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर चालतं. निर्यातीची द्राक्षं तोडल्यावर काही तासांत थंड करतात, वायनरीत आंबवण्याच्या टाक्या गार ठेवतात.

घराचं म्हणाल, तर खोली तापवण्यासाठी मुद्दाम यंत्र घ्यावं इतकी आपली थंडी लांबत नाही. दीड-दोन महिन्यांच्या रात्रींना गोधडी पुरते. एसी घ्यायचाच असेल आणि घरात तान्हं बाळ किंवा वयस्कर माणसं असतील, तर दोन्हीकडे चालणाऱ्याचा विचार करावा. पाणी तापवायला छपरावर जागा असेल तर सौर बंब सगळ्यात चांगला, ऊन आपल्याकडे भरपूर आहे. जिथे माणसं खूप आणि गच्ची अपुरी, म्हणजे वसतिगृह, दवाखाना, उंच सोसायटी, तिथे हीट पंप शोभतो. तो पहाटे न चालवता दुपारी चालवावा. तेव्हा हवा २८ अंशांच्या आसपास असते, विहीर उथळ होते, आणि चांगल्या टाकीत पाणी सकाळपर्यंत गरम राहतं. किंमत मात्र गिझरपेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे वापर किती यावरच ठरवा.

७. सुरक्षितता : हे मुलांपर्यंत पोहोचलंच पाहिजे

हिवाळ्यात बादलीत टाकायच्या रॉडने विजेचा धक्का बसून, बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे, किंवा खोली बंद करून ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीमुळे माणसं दगावतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोप आल्यासारखं वाटू शकतं. रॉड बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नये, गॅस गिझर न्हाणीघराबाहेर हवेशीर जागी असावा, शेगडी खोलीत ठेवून झोपू नये. हीट पंप घरी येवो न येवो, ही तीन वाक्यं प्रत्येक वर्गात सांगावीत.

८. करून पाहूया

१. तळहातावर सॅनिटायझरचे दोन थेंब टाकून फुंकर घाला. गार का वाटलं? पहिल्या टप्प्याशी जोडा.
२. सायकलच्या पंपाने वीस वेळा जोरात हवा भरा आणि टोकाला हात लावा. हा कोणता टप्पा?
३. आठवडाभर सकाळी सात आणि दुपारी दोनला हवेचं आणि विहिरीच्या किंवा बोअरच्या ताज्या पाण्याचं तापमान नोंदवा. विहिरीपाशी मोठ्यांना बरोबर घ्या. दोन्हींचा आलेख काढा. कोणती रेघ जास्त सपाट आली?
४. घरच्या एसीवरचं स्टार लेबल वाचा. तिथला कार्यक्षमतेचा आकडा, उदाहरणार्थ ५, म्हणजे सरासरी १ युनिट विजेत ५ युनिट उष्णता बाहेर. दोन घरांचे आकडे ताडून पाहा.

९. चर्चेसाठी प्रश्न

अ) स्वयंपाकघराची दारं-खिडक्या लावून फ्रिजचं दार उघडं ठेवलं, तर खोली गार होईल की गरम?
आ) दीड टनाचा एसी खोलीतून सव्वापाच किलोवॅट उष्णता काढतो आणि दीड किलोवॅट वीज घेतो. मग गल्लीत किती किलोवॅट उष्णता पडते? ज्यांच्या घरी एसी नाही, त्यांच्या खिडकीखाली ती पडत असेल तर?

पहिल्याचं उत्तर : गरम. फ्रिज आतली उष्णता मागच्या बाजूने त्याच खोलीत टाकतो, वर कंप्रेसरची वीजही तिथेच उष्णता होऊन मिसळते. दुसऱ्यातला आकडा पावणेसात किलोवॅट. पण त्या प्रश्नाचा शेवटचा भाग आकड्यात सुटत नाही. तो वर्गात मुलांनाच बोलू द्या, आपण ऐकूया.