गर्भवतीच्या ताटातील चीज : कोणते चालेल, कोणते टाळावे?

आपल्या मराठी घरांत गर्भवतीच्या आहाराचे नियम पिढ्यान् पिढ्या ठरलेले आहेत. पपई नको, डिंकाचे लाडू बाळंतपणानंतर, दूध मात्र भरपूर. या यादीत 'चीज' हा पदार्थ नव्हता, कारण तो आपल्या स्वयंपाकघरातच नव्हता. आज वडोदऱ्यात पिझ्झा, सँडविच आणि पनीर हे रोजचे खाणे झाले आहे. लेकी-सुना इंग्लंड-अमेरिकेत नांदतात. तिकडच्या डॉक्टरांनी दिलेल्या पत्रकात 'सॉफ्ट चीज खाऊ नये' असे वाचून मुलगी घाबरते आणि आई माझ्याकडे विचारणा करते, "डॉक्टर, मग पनीरसुद्धा बंद करायचे का?" प्रसूतितज्ज्ञ म्हणून हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. म्हणून त्याचे सविस्तर उत्तर येथे देत आहे.

भीती कशाची?

भीती चीजची नसून 'लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस' या जंतूची आहे. निर्जंतुक शस्त्रक्रियेचे प्रवर्तक जोसेफ लिस्टर यांच्या स्मरणार्थ त्याला हे नाव मिळाले. माती, चारा, जनावरांचे शेण अशा ठिकाणी तो आढळतो आणि तेथून दुधात शिरतो. बहुतेक जंतू फ्रिजच्या थंडाव्यात सुस्तावतात, हा मात्र ४ अंश सेल्सिअसलाही सावकाश वाढत राहतो. त्यामुळे 'फ्रिजमध्ये ठेवले होते' ही ग्वाही येथे पुरेशी ठरत नाही. उष्णतेपुढे मात्र तो टिकत नाही. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद किंवा ६३ अंशांवर ३० मिनिटे तापवले, म्हणजेच त्याचे पाश्चरीकरण केले, की तो मरतो.

इतर निरोगी प्रौढांच्या तुलनेत गर्भवतीला या जंतूची बाधा होण्याची शक्यता सुमारे दहा पट असते. आईला बहुधा फ्लूसारखा किरकोळ ताप, अंगदुखी, क्वचित जुलाब एवढेच होते. पण जंतू वारेतून गर्भापर्यंत पोहोचला, तर गर्भपात, अकाली प्रसूती, मृत बालकाचा जन्म किंवा नवजात बाळाला जंतुदोष व मेंदूज्वर होऊ शकतो. खाणे आणि आजार यांत कित्येक आठवड्यांचे अंतर पडू शकते. त्यामुळे कारण लक्षात येणेही अवघड होते.

१९८५ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस परगण्यात मेक्सिकन पद्धतीच्या ताज्या, मऊ चीजमधून या रोगाची साथ पसरली. एकूण १४२ रुग्णांपैकी ९३ जण गर्भवती किंवा त्यांची बालके होती. ४८ मृत्यू झाले. त्यांत २० गर्भ आणि १० नवजात बालके होती. त्या चीजमध्ये पाश्चरीकरण न केलेले दूध मिसळले गेले असावे, असे तपासात दिसून आले.

सर्वच चीज सारखे का नाही?

जंतूला वाढण्यासाठी पाणी आणि कमी आंबटपणा लागतो. चेडर, पार्मेझान यांसारखी कठीण चीज दीर्घकाळ मुरवलेली, कोरडी, खारट आणि आंबट असतात. तेथे जंतूला थारा मिळत नाही. याउलट ब्री आणि कॅमेंबर्ट यांच्यावर पांढरी बुरशी वाढवतात. ही बुरशी चीजमधील आम्ल खाऊन टाकते, ओलावा मात्र तसाच राहतो. गोर्गोन्झोला, रोकफोर्ट अशा निळ्या बुरशीच्या मऊ चीजचेही तेच. म्हणूनच पाश्चरीकृत दुधापासून केलेली असली, तरी ही चीज गर्भवतीने न शिजवता खाऊ नयेत, असे ब्रिटनची आरोग्यसेवा सांगते. वाफा निघेपर्यंत शिजवल्यास चालतात.

आपल्या बाजारातील पदार्थ

*प्रोसेस्ड चीज :* डबा, क्यूब वा स्लाइसच्या रूपात मिळणारे हे चीज तयार होतानाच तापवून वितळवलेले असते. ते निर्धास्त खावे. मात्र त्यात मीठ बरेच असते. रक्तदाब वाढलेला असल्यास हात आखडता घ्यावा.

*मोझरेला :* पिझ्झावर वितळून बुडबुडे येईपर्यंत भाजलेले चालते.

*चीज स्प्रेड, क्रीम चीज, फेटा :* वेष्टनावर 'पाश्चरीकृत दूध' असे लिहिलेले पाहून घ्यावे. उघडल्यावर लवकर संपवावे.

*पनीर :* यासाठी दूध उकळीपर्यंत तापवतात, त्यामुळे मूळ जंतू मरतात. पण पनीर ओलसर व कमी आंबट असते. नंतर हात, सुरी, फडके, पाणी यांतून नवा जंतू सहज शिरतो. म्हणून घरचे ताजे पनीर किंवा बंद पाकिटातले पनीर घ्यावे आणि भाजीत चांगले रटरटू द्यावे. सुटे, पाण्यात ठेवलेले पनीर कच्चे खाऊ नये.

*सुरती पनीर :* आपल्या गुजरातेतील हा नाजूक पदार्थ रेनेटने साकळवून खारट निवळीत ठेवतात आणि न शिजवताच खातात. दूध कसे तापवले, हे ठाऊक नसेल तर नऊ महिने त्याला रजा द्यावी.

दही आणि श्रीखंडाची काळजी नको. तापवलेल्या दुधाच्या दह्यातील आंबटपणा हेच त्यांचे संरक्षण आहे. निरसे दूध मात्र कोणत्याही रूपात नको, कारण त्यातून ब्रुसेलोसिस व क्षयाचाही धोका असतो.

ताप आला तर?

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती आहे. गर्भवतीच्या कारण न सापडणाऱ्या तापात आहाराचा इतिहास विचारावा आणि प्रतिजैविक देण्यापूर्वी रक्ताचे कल्चर पाठवावे. आपल्याकडे ही तपासणी प्रत्येक तापात होत नाही, म्हणून हा रोग नजरेतून निसटतो. सेफॅलोस्पोरिन गटाची औषधे या जंतूवर चालत नाहीत. अँपिसिलिन हेच मुख्य औषध होय. वेळेवर दिल्यास बाळ वाचू शकते.

भगिनींनी मात्र घाबरून दूधदुभते सोडू नये. गर्भारपणात रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते आणि ३० ग्रॅम चेडरमधून त्यातले सुमारे २०० मिलिग्रॅम मिळते. कठीण चीज खावे, मऊ चीज शिजवून खावे, निरसे दूध टाळावे. एवढी तीन सूत्रे पाळली, तर बाळाचे पोषणही होईल आणि रक्षणही.