घोड्यावांचून घोड्याचें प्रात्यक्षिक

अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून मुलामुलींच्या ज्या अश्वविषयक स्पर्धा भरतात, त्यांपैकीं एका स्पर्धेंत घोडा कोठेंच दिसत नाहीं. बहुतेक ठिकाणीं सभागृहांत जिवंत जनावर आणण्यास नियमानेंच मनाई असते. एक मेज, मेजावर कांहीं साहित्य, आणि तक्ता टेकण्यासाठीं एक लांकडी घोडी. घोड्याच्या जातीचें म्हणून काय तें एवढेंच! तेथें बारा-तेरा वर्षांची एखादी मुलगी उभी राहते आणि घोड्याची नाडी कोठें व कशी पाहावी, पायाला पट्टी कशी बांधावी, किंवा चंदी कशी मोजावी, हें श्रोत्यांसमक्ष करून दाखविते. ह्यास तिकडे डेमॉन्स्ट्रेशन म्हणतात. आपण प्रात्यक्षिक म्हणूं. त्याच्याच जोडीला दुसरी स्पर्धा असते ती भाषणाची. तींत तक्ता नाहीं, साहित्य नाहीं. केवळ बोलणारा आणि त्याचे शब्द. ह्या जोडस्पर्धेची मांडणी कशी करतात, आणि तशीच कां करतात, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं समजून घेण्यासारखें आहे. वक्तृत्वाच्या स्पर्धा आपल्याकडेही वर्षोवर्षीं होत असतात. परंतु त्यांत मुलाचें स्वतःचें किती आणि दुसऱ्यानें लिहून दिलेलें किती, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं.

ह्या स्पर्धा चालविणारी संस्था फोर-एच ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. मस्तक, हृदय, हात आणि आरोग्य ह्या अर्थाचे चार इंग्रजी शब्द एच ह्या अक्षरानें सुरू होतात, त्यांवरून हें नांव पडलें. तिचा उगम १९०२ सालापर्यंत नेतात. त्या वर्षीं ओहायो राज्यांत स्प्रिंगफील्ड येथें ए. बी. ग्रॅहम ह्या शाळाधिकाऱ्यांनीं मुलामुलींचें एक शेतकी मंडळ स्थापन केलें. पुढच्याच वर्षीं टेक्सास राज्यांतील टेरेल गांवीं सीमन नॅप ह्यांनीं एका शेतकऱ्याकडून त्याच्याच शेतांत नव्या पद्धतीची लागवड करवून घेतली. व्याख्यानें देऊन शेतकरी वळत नाहीं, त्याच्या हातून काम झालें म्हणजे वळतो, असा त्यांचा अनुभव होता. १९१० सालीं साउथ कॅरोलायना राज्यांतील एकेन परगण्यांत मेरी क्रोमर ह्या शिक्षिकेनें मुलींचें टोमॅटो मंडळ काढलें. मुलींनीं टोमॅटो पिकवावेत आणि डब्यांत भरून टिकवावेत, असा त्याचा क्रम. पुढें १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्यानें ह्या सर्व कार्यास शेतकी कॉलेजांचा आणि सरकारचा आधार मिळाला. वडीलधारे शेतकरी नवें ज्ञान ऐकून घेण्यास राजी नसत. मुलें मात्र नवें बियाणें पेरून पाहत, आणि पीक डोळ्यांपुढें उभें राहिलें म्हणजे बापाचेंही मन वळे. लहानांनीं करून दाखवावें आणि थोरांनीं पाहावें, ही रीत अशी पडली.

घोड्याची गोष्ट ह्यांत थोडी निराळी आहे. १९१५ च्या सुमारास त्या देशांत घोडे व खेचरें मिळून अडीच कोटींहून अधिक जनावरें होतीं. ट्रॅक्टर आले, आणि १९६० च्या सुमारास तीं तीस लाखांच्या आसपास उरलीं. नांगराचा घोडा गेला, बसावयाचा घोडा राहिला. पूर्वीं मुलगा बापाबरोबर पागेंत जाई, नालबंदापाशीं उभा राही, आणि न शिकतां शिके. आतां घोडा पाळणाऱ्या पुष्कळ घरांत आईबापांनाच घोड्याची माहिती नसते. अशा घरांत जें मूल घोडा ठेवतें, त्याच्या अज्ञानाचा भुर्दंड त्या मुक्या प्राण्याला भरावा लागतो. म्हणून प्रात्यक्षिकाच्या विषयांकडे पाहिलें तर ते दिखाऊ नसतात. अगदीं पागेंतले, रोजचे असतात.

उदाहरणादाखल एकच विषय घेऊं: चंदी मोजण्याचा. कित्येक घरीं दाणा रिकाम्या डब्यानें मोजून घालतात. ओट संपले, म्हणून तोच डबा मक्यानें भरला, तर काय बिघडलें? पायलीचें माप ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना हें चटकन् कळेल. पायलीभर लाह्या आणि पायलीभर ज्वारी ह्यांचें वजन कधीं सारखें भरत नाहीं. बुशेल ह्या अमेरिकन मापांत ओट ३२ पौंड धरतात, तर मका ५६ पौंड. शिवाय मका वजनास वजन घेतला तरी ओटांहून अधिक शक्तिदायक. तेव्हां डबा तोच, पण घोड्याच्या पोटांत शक्ति गेली जवळजवळ दुप्पट. घोड्याचें जठर त्याच्या देहाच्या मानानें फार लहान असतें, आणि त्याला ओकतां येत नाहीं. माणसाला जास्त झालेलें अन्न उलटून पडतें. घोड्याला तो मार्ग नाहीं. एकाएकीं दाणा वाढला म्हणजे पोटशूळ उठतो, किंवा खुरांच्या आंतल्या भागास सूज येऊन जनावर लंगडें होतें. दोन्ही विकार जिवावर बेतूं शकतात.

आतां हें सर्व मुलानें नुसतें सांगितलें तर तो पाठ झाला. प्रात्यक्षिकांत तो मेजावर स्वयंपाकघरांतील तराजू ठेवतो, एकच डबा दोनदां भरतो, दोनदां तोलतो, आणि दोन्ही वजनें तक्त्यावर लिहितो. पहिल्या बांकावरील म्हातारा शेतकरीही पुढें वांकून काटा पाहतो. हातानें काम आणि तोंडानें विवरण हीं एकाच वेळीं चाललीं पाहिजेत. काम चालू असतांना मूल गप्प राहिलें तर गुण जातात. शेवटीं कांहीं तरी तयार झालेलें दिसावें लागतें: तोललेली चंदी, बांधलेली पट्टी, मारलेली गांठ. केवळ चित्रें दाखवून माहिती दिली तर तिला सचित्र व्याख्यान म्हणतात. तिचीही परवानगी असते, पण तें प्रात्यक्षिक नव्हे.

घोडा आंत कां आणूं देत नाहींत, ह्याचीं कारणें उघड आहेत. बंद जागा, टाळ्यांचा आवाज आणि अनोळखी माणसें ह्यांनीं जनावर बुजतें, आणि बुजलेल्या घोड्यापुढें दहा मिनिटांची मर्यादा चालत नाहीं. परंतु मला त्यापेक्षांही मोठें वाटणारें कारण निराळें आहे. देखणा घोडा समोर असला म्हणजे परीक्षक घोड्याला गुण देतो, आणि देखणा घोडा बहुधा श्रीमंताचा असतो. घोडा बाहेर ठेवला म्हणजे ज्याचें तट्टू थकलेलें आहे, किंवा ज्याला स्वतःचा घोडाच नाहीं, असें मूलही त्याच पायरीवर उभें राहतें. घोड्याऐवजीं मुलें काय काय योजतात! पट्टी सोबत्याच्या हाताला बांधून दाखवितात. ओढतांच सुटणारी गांठ मेजाच्या पायाला मारतात. नाडी दाखवावयाची तर जबड्याखालीं जेथें धमनी हाडावरून वळते ती जागा तक्त्यावर काढतात, बोटांनीं कसें चांपावें तें दाखवितात, आणि पंधरा सेकंदांचे ठोके मोजून चौपट करावयास सांगतात. विश्रांत घोड्याचे ठोके मिनिटास २८ ते ४४ असावे लागतात.

भाषणाच्या स्पर्धेस नियम थोडे, पण कडक. वेळ साधारणतः सात ते दहा मिनिटें. कमी झाला तरी गुण जातात, अधिक झाला तरी जातात. हातांत टिपणांचे कागद चालतात, पण वाचून दाखविलेलें चालत नाहीं. विषय घोड्याशीं संबद्ध हवा, आणि माहिती कोठून मिळविली तें सांगतां आलें पाहिजे.

आतां संयोजनाकडे वळूं. पहिलें काम म्हणजे नियम छापून कांहीं महिने आधीं मुलांच्या हातीं देणें, आणि त्यांबरोबर गुणपत्रिकेचा नमुनाही देणें. कशाला किती गुण आहेत, हें परीक्षकाइतकेंच मुलालाही ठाऊक असावें. परीक्षा ही पेटींतून काढावयाची जादू नव्हे. वयांप्रमाणें गट पाडावेत. फोर-एचमध्यें साधारणतः आठ ते अठरा वयाचीं मुलें स्पर्धेंत उतरतात. त्याहून लहानांनीं यावें, करून दाखवावें, कौतुक घ्यावें, पण त्यांना क्रमांक देत नाहींत. ही प्रथा मला फार शहाणपणाची वाटते.

परीक्षक दोघे-तिघे असावेत, आणि सर्व एकाच धंद्याचे नसावेत. एक पशुवैद्य किंवा अनुभवी नालबंद आणि एक भाषेचा शिक्षक, अशी जोडी असली म्हणजे गोड बोलून चूक माहिती देणारा पहिल्याच्या तावडींत सांपडतो, आणि खरी माहिती पुटपुटणारा दुसऱ्याच्या. परीक्षकांना सकाळीं अर्धा तास बसवून नियम वाचून दाखवावेत. घड्याळ पाहणारा माणूस वेगळा नेमावा; त्यानें उरलेल्या मिनिटांचे आंकडे लिहिलेले पुठ्ठे मुलाला दिसतील असे धरावेत. दारावर एक स्वयंसेवक उभा करावा, म्हणजे भाषण चालू असतांना कोणी आंत येणार नाहीं. मेज, तक्ता, पाण्याचा पेला, विजेचा दिवा हीं आदल्या दिवशींच पाहून ठेवावींत. मुलांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. एवढ्या गोष्टी ज्याला सुचतात त्याला बाकीच्याही सुचतील. त्यांची यादी देत बसत नाहीं.

खरी कसोटी पुढेंच आहे. बोलणें संपल्यावर परीक्षक प्रश्न विचारतात. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर घोडामैदान येथेंच येतें. प्रश्न विचारण्याचा अधिकार परीक्षकांनाच; आईबाप, शिक्षक, सोबती ह्यांनीं तोंड उघडावयाचें नाहीं. मुलानें प्रथम विचारलेला प्रश्न मोठ्यानें पुन्हां म्हणावयाचा, म्हणजे मागच्या रांगेलाही तो ऐकूं जातो, आणि मुलालाही विचार करण्यास क्षणभर अवकाश मिळतो. ज्याला वडिलांनीं भाषण लिहून दिलें, त्याचें सोंग येथें पहिल्या दुसऱ्या प्रश्नालाच उतरतें. “डबा दाबून भरला तर वजन किती वाढेल?” असें विचारलें, तर ज्यानें घरीं दहा वेळां डबा भरून पाहिला आहे तो हंसून उत्तर देईल, दुसरा वर छताकडे पाहील. तथापि ह्या मुलांना आणखी एक गोष्ट शिकविलेली असते. उत्तर ठाऊक नसेल तर “मला ठाऊक नाहीं” असें सरळ सांगावें, आणि तें कोठें शोधतां येईल तें सांगावें. असें सांगणाऱ्याविषयीं चांगल्या परीक्षकाचें मत वाईट होत नाहीं. ठोकून देणाऱ्याविषयीं होतें. पशुवैद्यापुढें एखादें मूल ठामपणें थाप मारतें, आणि सभा टाळ्या वाजवते, ह्यापेक्षां अधिक हानिकारक शिक्षण दुसरें कोणतें? ती थाप ऐकून एखादा श्रोता घरीं जाऊन आपल्या घोड्याला तसेंच खाऊं घालील.

पालकांस येथें दोन शब्द सांगणें अवश्य वाटतें. मदत करूं नये असें नाहीं. मुलाला नालबंदाकडे घेऊन जावें, पुस्तक आणून द्यावें, घड्याळ घेऊन समोर बसावें, दहा वेळां तेंच तें ऐकावें. परंतु लेखणी हातीं घेऊं नये. मूल तीन दिवस एका वाक्यापाशीं अडून बसतें, तेव्हां तें वाक्य आपण पुरें करून टाकावें असा मोह होतो खरा. तें वाक्य मात्र नंतर सभेंत ओळखूं येतें, चोळीला रेशमी ठिगळ लावावें तसें.

बक्षिसांची रीतही पाहण्याजोगी आहे. पुष्कळ परगण्यांत डॅनिश पद्धत वापरतात. तींत मुलांची एकमेकांशीं तुलना न करतां प्रत्येकाच्या कामाचें ठराविक मापाशीं तोलन करतात. उत्तमास निळी फीत, चांगल्यास लाल, साधारणास पांढरी. दहापैकीं सात मुलें उत्तम ठरलीं तर सातही निळ्या फिती घेऊन घरीं जातात. वरच्या पायरीसाठीं मात्र निवड करावीच लागते. परगण्यांतून राज्याकडे, आणि राज्यांतून निवडून आलेलीं मुलें नोव्हेंबरांत केंटकी राज्यांतील लुइव्हिल येथें पूर्वेकडील राज्यांच्या मोठ्या अश्वमेळाव्यास जातात; तेथें एकट्याचें प्रात्यक्षिक, जोडीचें प्रात्यक्षिक आणि भाषण अशा तिन्ही स्पर्धा होतात.

आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या दारीं घोडा असेल. परंतु शेळीचें खूर छाटणें, बैलाच्या खांद्याची निगा, सायकलीच्या चाकाचें पंक्चर काढणें, हे विषय ह्या पद्धतीस तितकेच योग्य आहेत. ज्यांना असा प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यांनीं शेवटची एक व्यवस्था विसरूं नये. परीक्षकांनीं प्रत्येक मुलाच्या गुणपत्रिकेवर निदान दोन ओळी लिहाव्यात. एक साधलें त्याविषयीं, एक राहिलें त्याविषयीं. ती गुणपत्रिका पाकिटांत घालून, पाकिटावर मुलाचें नांव घालून, मुलाच्याच हातीं द्यावी. पालकांनीं ती मुलानें दाखविल्यास पाहावी.